वस्तऱ्याची मूठ आणि रविवारची सुट्टी

तर झालं असं की गेल्या दिवाळीच्या आधी आईने माळा आवरायला काढला. डोंबिवलीच्या फ्लॅटमधला माळा म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच माहीत. कूलरचा खोका (कूलर दहा वर्षांपूर्वीच गेला), माझी इंजिनियरिंगची जर्नल्स, एक फुटकी परात, आणि सगळ्यात मागे पणजोबांची पत्र्याची ट्रंक. पणजोबा जीआयपी रेल्वेत कल्याणला कारकून होते. ट्रंकेत त्यांचा काळा कोट, दोन फाउंटन पेनं, आणि एका चामड्याच्या पाकिटात गुंडाळलेला वस्तरा.

वस्तरा म्हणजे खराखुरा वस्तरा हां. सलूनमध्ये हल्ली अर्धं ब्लेड अडकवतात तो नव्हे. चाकूसारखा मुठीत मिटणारा, जाड पाठीचा, आणि धारेकडे इतका पातळ की प्रकाशात धरला तर लवतो की काय असं वाटावं. पात्याच्या शेपटीवर बारीक अक्षरात 'सोलिंगन, जर्मनी' कोरलेलं. पण मूठ पार गेलेली. पिवळट पांढऱ्या दोन पट्ट्या, त्यातली एक मधोमध तडकलेली, दुसरी धनुष्यासारखी वाकलेली. आणि मुठीच्या आतल्या भागात पात्यावर गंज.

मला आधी वाटलं हस्तिदंत! एकदम छाती वगैरे फुगली. मग घासून वास घेतला तर कापराचा वास. खात्री करावी म्हणून आजीच्या नाकाशी धरला. ती म्हणाली, "कापूरच आहे. पण हे काय आहे ते आधी दाखव." मी हात उघडून दाखवला. तिने बघितलं, चष्मा नीट केला, आणि म्हणाली, "मामंजींचा वस्तरा. ठेव तो लांब." आणि उठून आत गेली.

आजी शहाऐंशी वर्षांची आहे. तिच्या वागण्याला दर वेळी कारण विचारायचं नसतं हे मी लहानपणीच शिकलोय. म्हणून तेव्हा काही बोललो नाही. पण डोक्यात प्रोजेक्ट शिजायला लागला होता. पातं तर चांगलं होतं. नवी मूठ करायची!

आधी कापराचं कोडं. हस्तिदंतासारखं दिसणारं हे प्रकरण म्हणजे सेल्युलॉइड. १८७० च्या आसपास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात नावाच्या माणसाने नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र करून ते बाजारात आणलं. तेव्हा बिलियर्डचे चेंडू, कंगवे, पियानोच्या पट्ट्या, वस्तऱ्यांच्या मुठी, सगळं हस्तिदंताचं असायचं, आणि हस्तिदंत महाग होत चाललं होतं. म्हणजे आपण आज ज्याला प्लास्टिक म्हणून शिव्या देतो त्याचा हा खापरपणजोबा, आणि तो हत्तीच्या जागी पर्याय म्हणून आला होता! आता तर हस्तिदंताचा प्रश्नच नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ ला झालेल्या दुरुस्त्यांनी तो व्यापार देशात पूर्ण बंद झाला आहे.

सेल्युलॉइडची अडचण अशी की ते म्हातारं झालं की सडतं. कापूर उडून जातो, नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात, आणि ते शेजारच्या पोलादाला खातात. म्हणजे मूठच पात्याला गंजवत होती. हे कळल्यावर मूठ बदलणं हौसेचं राहिलं नाही, गरजेचं झालं. (मॅनेजरला एखादं रीफॅक्टरिंग पटवायचं असेल तेव्हा आपण असंच काहीतरी बोलतो. असो.)

मग सलग पाच रविवार मी या कामात घातले. ज्यांना कारागिरीत रस नाही त्यांनी पुढचे चार-पाच परिच्छेद उड्या मारत वाचले तरी चालेल. पण माझी विनंती, वाचा, कारण पुढे त्यातलं एक माहितीचं टोक लागणार आहे.

पहिला रविवार मोडतोडीचा. मूठ आणि पातं जोडलेली असतात ती एका पितळी खिळ्याने. त्या खिळ्याची दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली असतात. रिव्हेटच म्हणा ना. स्क्रू वगैरे भानगड नाही. बारीक कानशीने एका बाजूचं डोकं घासून काढलं, आणि लोखंडी चुकेने खिळा पलीकडे ढकलला. ठण् करून पातं सुटलं. त्या दिवशी एवढंच. हो, आणि बोटाला पहिली चीर. म्हातारं असलं तरी ते वस्तऱ्याचं पातं होतं!

दुसरा रविवार साफसफाईचा. गंजावर रॉकेल, मग बारीक पॉलिश पेपर, मग पितळेची भांडी चकचकीत करायची पेस्ट. धारेपर्यंत गंज पोचला असता तर सगळंच संपलं असतं. नशिबाने तो पाठीकडेच थांबला होता.

साफ करता करता या पात्याची भूमिती लक्षात आली आणि मी अक्षरशः थक्क झालो. धार लावताना पातं दगडावर सपाट ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. बस्स. कोन मोजायचा नाही, हात तिरका धरायचा नाही. माझ्या वस्तऱ्याची पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १७ मिलिमीटर. त्रिकोणमिती लावली तर धारेचा कोन येतो साधारण १७ अंश. दगडावर पाठही धारेबरोबर थोडी थोडी झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं धार लावली तरी कोन जवळपास तोच राहतो. कोनाचं मोजमाप पात्यातच भरून ठेवलंय. कुणीतरी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी याची 'वापरणाऱ्याने चूक करूच नये' अशी रचना करून ठेवली, आणि आम्ही अजून फॉर्ममध्ये तारीख कुठल्या क्रमाने टाकायची यावर मीटिंगा घेतोय.

पोलादावरून आठवलं. या उत्तम वस्तऱ्यांच्या गोष्टीत मुंबईचाही एक कोपरा आहे. १७९० च्या दशकात मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला. पुढे जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा चाकू-सुऱ्या करणारा कारागीर आणि चक्क मायकेल फॅरेडे, दोघे मिळून या वूट्झचं गुपित शोधायला बसले. त्यातून पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग झाले, आणि फॅरेडेने त्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. फिजिक्सच्या पुस्तकातला फॅरेडे आणि वस्तरा! हे आम्हाला कुणी शिकवलं असतं तर सेकंड सेमला माझे मार्क जरा बरे आले असते.

तिसऱ्या रविवारी लाकूड. शिंग वापरता आलं असतं, पण लाकूडच वापरायचं ठरवलं, आणि तेही बाजारातलं नाही. स्वयंपाकघरात कपाटामागे आजीचा शिसवी पोळपाट पडला होता. लग्नात माहेरून आणलेला, एका बाजूने चिरलेला, म्हणून वापरातून गेलेला. "हा घेऊ का?" म्हटलं. "घे की, नाहीतरी भंगारातच जाणार." कल्याणला ओळखीच्या सुताराकडे जाऊन त्याच्या ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या पाडून आणल्या. करवत चालली तसा आतून जांभळट तपकिरी, काळ्या रेषांचा रंग बाहेर आला. साठ वर्षं पीठ, तेल आणि लाटणं सोसलेलं लाकूड. (शिसवाचा भुसा नाकात गेला की त्रास होतो, मास्क लावा. कोविडमध्ये घेतलेले मास्क शेवटी कामी आले.)

मुठीच्या दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या हव्यात. त्यासाठी दोन फळ्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना चिकटवायच्या, जुन्या मुठीचा कागदावर काढलेला आराखडा वर डकवायचा, आणि भोकं, कापणं, घासणं सगळं एकत्रच करायचं. शेवटी वेगळ्या करायच्या. चौथ्या रविवारी मी भोक कडेच्या फार जवळ पाडलं आणि ठोकताना पट्टी टचकन तडकली. पुन्हा दुसरी जोडी. या वेळी शहाण्यासारखं.

पाचव्या रविवारी जुळणी. मुठीच्या शेपटाकडे दोन पट्ट्यांच्या मध्ये एक छोटी पाचर बसते. तिच्या जाडीवर पातं मिटताना मधोमध येतं की एका अंगाला घासतं ते ठरतं. मग पितळी तार, दोन्ही बाजूंना इवलेसे वायसर, आणि हलक्या हातोडीने टिक टिक टिक. जोरात एक घाव घातला की लाकूड फुटतं, हळू शंभर घातले की पितळ फुलासारखं पसरतं. शेवटी जवसाच्या तेलाचे हात. मूठ तयार! पातं उघडलं, मिटलं, परत उघडलं. असं मी किती वेळ केलं ते विचारू नका.

मग धार. बारीक दगडावर लावून झाली होती. आता उरला पट्टा. माझाच जुना चामडी कमरपट्टा खिडकीच्या ग्रिलला अडकवला आणि वस्तरा त्यावर मागेपुढे फिरवायला लागलो. सट्, सट्. मागे आजी येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही.

तिने विचारलं, "किती वेळ लागतो रे याला धार लावायला?"

मी उत्साहात सांगितलं. "दगडावर लावायची तर लागतो थोडा वेळ. पण ते अधूनमधून. रोजच्या वापरातल्या वस्तऱ्याला काय, पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात मारले की झालं. दोन मिनिटं."

"दोनच मिनिटं?"

"हो. का गं?"

ती खुर्चीवर बसली. आणि मग तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

आजीचं माहेर गुहागरकडचं. घरात तिच्या वडिलांची आत्या होती, सगळे तिला ताईआत्या म्हणत. तेराव्या वर्षी नवरा गेला. माणूस बघायलाही नीट मिळाला नव्हता. त्यानंतर आयुष्यभर लाल आलवण, एकवेळ जेवण, आणि ठराविक दिवसांनी केशवपन. न्हावी मागच्या दाराने यायचा. ताईआत्या गोठ्याशेजारी पडवीत डोकं खाली घालून बसायची. मुलांना तिकडे फिरकायची बंदी. काम झालं की न्हाव्याला तांदूळ आणि नारळ, आत्याला विहिरीवर आंघोळ. घरात त्यावर कुणी कधी बोलायचं नाही. म्हणून आजीच्या माहेरी वस्तऱ्याचं नावही काढत नसत.

आजी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा लपून बघत होती. म्हातारा न्हावी नुकताच वारला होता, त्याच्या जागी मुलगा आला होता, विशीतला. त्याने धोकटी खाली ठेवली, उघडली, वस्तरा काढला, अंगठ्यावर बघितला, आणि परत आत ठेवला. म्हणाला, "आज नको बाय. वस्तऱ्याला धार नाय." आणि गेला. पुढच्या खेपेलाही तेच. ताईआत्याच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस आले होते. ती पदर घट्ट ओढून घ्यायची, पण रात्री आजी तिच्या कुशीत झोपायची तेव्हा तिला दिसायचं, आत्या अंधारात स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत असायची. मग घरातल्या पुरुषांनी दुसऱ्या गावाहून न्हावी बोलावला.

"मला सगळा जन्म वाटत आलं की खरंच धार नसेल," आजी म्हणाली. "गरीब होता. दगड नसेल त्याच्याकडे."

माझ्या हातात वस्तरा होता आणि ग्रिलला पट्टा लटकत होता. काय बोलावं सुचेना.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. आणि मग जे सापडलं ते ठाण्यातच निघालं! रोज सकाळी आपण ज्या ठाण्याच्या पुलावर गर्दीने चेंगरून निघतो, त्या ठाण्यात १८४८ साली एक माणूस जन्मला. नारायण मेघाजी लोखंडे. (वस्तऱ्याच्या लेखात आडनाव काय मिळावं बघा.) घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी, परिस्थिती गरिबीची. लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली, आणि नंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी गिरणीतलं जगणं जवळून पाहिलं. विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम उजाडल्यापासून अंधारेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे काम तेरा-चौदा तास. आठवड्याची सुट्टी नाही.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' पत्र बंद पडल्यावर १८८० पासून ते लोखंड्यांनी मुंबईतून चालवलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास मदत. साडेसहा ते सूर्यास्त ही त्यांची मागणी होती हं, तक्रार नव्हे!

पुढची सहा वर्षं हे घोंगडं भिजत पडलं. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. म्हणजे ज्या पाच रविवारी मी बसून शिसव घासत होतो, ते रविवार कुणीतरी मागून, भांडून घेतलेले होते. मला तर आजवर वाटायचं रविवार हा असतोच, सोमवारसारखा.

पण माझी झोप उडवणारी गोष्ट ही नव्हती. त्याच १८९० साली, त्याच लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिकांची सभा घेतली. शेकडो न्हावी जमले आणि त्यांनी ठराव केला की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. संप! पगार वाढवा म्हणून नाही, कामाचे तास कमी करा म्हणून नाही. आमच्या हातून हे काम करून घेऊ नका म्हणून.

जरा विचार करा. विधवांच्या केशवपनावर तेव्हा सुधारक लिहीत होते, सनातनी लिहीत होते. त्याच वर्षी ह. ना. आपट्यांचं 'करमणूक' सुरू झालं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः यायला लागली, जिच्या नायिकेच्या वाट्याला शेवटी हेच येतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आदल्याच वर्षी मुंबईत निघालं होतं. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. हे सगळं आपल्याला शाळेत थोडंफार असतं. पण या सगळ्या चर्चेत ज्याच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा असायचा त्या माणसाला कुणी विचारत नव्हतं. तो फक्त मागच्या दाराने यायचा आणि जायचा. शास्त्रार्थ करणारे एकीकडे, ज्यांच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा त्या बायका दुसरीकडे, आणि मध्ये हा. १८९० मध्ये या मधल्या माणसाने सांगितलं की माझ्याशिवाय हे होत नाही, आणि मी करणार नाही.

इंजिनियर म्हणून मला यातली एक गोष्ट फार लागली. आपण नेहमी म्हणतो, 'मी काय, मला रिक्वायरमेंट आली, मी कोड लिहिला.' त्या न्हाव्यांनाही तसं म्हणता आलं असतं. शिकलेल्या, पोट भरलेल्या माणसालाही जमत नाही ते त्यांनी केलं, आणि तेही हातावर पोट असताना.

हे मुंबईत घडलं यालाही कारण असावं असं मला वाटतं. गावात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर सगळ्या गावाची हजामत करायची आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घ्यायचं. एका मोठ्या घराला नाही म्हटलं तर वर्षाचं धान्य, घर, गावातली जागा, सगळंच धोक्यात. मुंबईत रोकडा व्यवहार, आणि गिऱ्हाईक हजारो. एक घर तुटलं तर दुसरं. वर पाठीशी संघटना आणि वर्तमानपत्र. गुहागरच्या त्या विशीतल्या पोराकडे यातलं काहीच नव्हतं. ना सभा, ना 'दीनबंधु', ना लोखंडे.

मी मग आकडे जुळवले. आजीच्या आठवणीतला तो प्रसंग १९४७-४८ चा. ताईआत्या तेव्हा साठीला आलेल्या. म्हणजे मुंबईतला संप झाला तेव्हा ती दोन-तीन वर्षांची मुलगी होती. संपाने प्रथा संपली असती तर दहा-अकरा वर्षांनी तिच्यावर ती वेळ आलीच नसती. प्रथा संपली नाही. ती पुढे कित्येक दशकं रेंगाळली, आमच्यासारख्या घरांच्या मागच्या पडवीत. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण न्हावी दुसऱ्या गावाहून बोलावणारे माझ्याच आजीचे वडील-काका होते. ते दुष्ट नव्हते. आजी त्यांच्याबद्दल प्रेमानेच बोलते.

लोखंड्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या साथीत काम करता करता प्लेगनेच ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले, पन्नाशीही न गाठता. बरोबर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. २००५ मध्ये लोखंड्यांचं टपाल तिकीट निघालं, आणि परळच्या महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेला त्यांचं नाव आहे. मी आठ वर्षं ठाण्याला नोकरीसाठी जातोय. मला त्यांचं नाव वस्तऱ्याच्या मुठीमुळे कळलं.

आता शेवटचं. आमच्या बिल्डिंगखाली सलून आहे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांचं सगळ्यात जास्त काम. त्यांची सुट्टी सोमवारी. तर मी पुढच्या रविवारी वस्तरा खिशात घालून खाली गेलो आणि गर्दी ओसरल्यावर काकांना दाखवला. त्यांनी हात पुसले, उघडला, पाठीवरून नख फिरवलं. म्हणाले, "मूठ झकास केलीय दादा. पाचर जरा जाड झालीय." (झालीच होती!) त्यांच्या वडिलांचा वस्तरा अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. एचआयव्हीची भीती पसरली, गिऱ्हाईक नवं ब्लेड मागायला लागलं, तेव्हापासून तो बंद.

मी विचारलं, "काका, पूर्वी गावात घरोघरी जायचे तेव्हा असं कधी व्हायचं का, की कामाला गेलं आणि वस्तऱ्याला धारच नाही?"

ते हसले. "धार नसलेला वस्तरा घेऊन कोण घराबाहेर पडेल दादा? आमचा बाप निघायच्या आधी पट्टा मारायचा, तिथे गेल्यावर परत मारायचा. पट्टा धोकटीतच असतो की."

वर आलो आणि आजीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दाखव इकडे." मी वस्तरा मिटून तिच्या हातात दिला. तिने मुठीवरून अंगठा फिरवला, जिथे काळी रेघ आहे तिथे थांबली. "माझा पोळपाट," म्हणाली. आणि मग, "त्या पोराचं नाव सुद्धा आम्हाला कधी माहीत नव्हतं रे."

मी एकदा त्या वस्तऱ्याने दाढी करून बघितली. हनुवटीला कापलं. आता तो पणजोबांच्या पाकिटात आहे, तेल लावून. पाचर मात्र येत्या रविवारी बदलायची आहे.